टाकीखाली थर्माकोल सरकवून पातळी साधत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरात मोठी मत्स्यटाकी कशी ठेवावी, यावर लेख आला होता. मासे, फिल्टर, दिवे याविषयी त्यात नेमके लिहिले आहे. मात्र फरशी असमान असेल तर टाकीखाली थर्माकोलचे तुकडे किंवा कागदाच्या घड्या घालून पातळी साधावी, असा एका ओळीत उरकलेला सल्लाही त्यात आहे. दुकानांतूनही तो सर्रास मिळतो. दुकानदार थर्माकोल फुकट देतो, पाणसळ (स्पिरिट लेव्हल) देत नाही, एवढेच त्याचे कारण. दोन फुटी टाकीला हा सल्ला खपून जातो. चार फुटी आणि त्यापुढच्या टाकीला तो महागात पडतो. पातळी स्टँडच्या पायाखाली साधायची असते, टाकी आणि स्टँड यांच्या मधल्या जागेत नव्हे. ती कशी साधायची, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

आधी वजनाचा हिशोब. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच टाकी म्हणजे १२ घनफूट, काठोकाठ भरली तर ३४० लिटर. पाणी साधारण ५५ सेंटिमीटरपर्यंत भरतात, म्हणजे ३०० लिटर, तेवढेच किलो. १२ मिमी जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो, त्यामुळे रिकामी टाकीच ७५ ते ८० किलोची. वाळू, खडी, दगड मिळून ५०-६० किलो, स्टँड ४०-५० किलो. सगळे मिळून पाचशे किलोच्या आसपास, आणि हे सगळे ६ चौरस फुटांवर. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरलेला आहे. टाकीखालच्या जागेवर तो चौरस मीटरला ९०० किलोच्या घरात जातो. एवढ्याने स्लॅब खाली येत नाही, कारण तो २०० किलोचा आकडा अख्ख्या खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे आणि उरलेली खोली बहुतेक मोकळी असते. पण टाकी खोलीच्या मध्यावर नको. बीम ज्या भिंतीखाली आहे त्या भिंतीलगत, तिला समांतर ठेवावी. ६ × २ × २ फुटांची टाकी टनाच्या घरात जाते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. फी वाचवण्याची ती जागा नव्हे.

फरशीचे दोष दोन, आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. एक उतार, दुसरा पीळ.

उतार म्हणजे चारही पाय एकाच सपाटीवर आहेत, पण ती सपाटी कलती आहे. चार फुटांत ६ मिमी उतार असेल तर खालच्या टोकाला पाणी ३ मिमीने जास्त आणि वरच्या टोकाला तेवढेच कमी. ५५० मिमी खोलीवर ३ मिमी म्हणजे दाबातला फरक एक टक्क्याच्याही आत. काचेची जाडी ठरवताना कित्येक पट जास्त ताकद धरलेली असते, तेव्हा एवढ्याने टाकी फुटत नाही. मात्र पाण्याची रेषा वरच्या पट्टीशी तिरकी दिसते आणि एकदा डोळ्यांत भरली की रोज दिसते. ओव्हरफ्लो (वरचे पाणी खाली सोडणारी दातेरी कड) आणि खाली संप (ते पाणी गाळणारी दुसरी टाकी) असलेल्या टाकीत हे केवळ दिसण्यापुरते राहत नाही. ओव्हरफ्लोच्या दातांवरून जाणारा पाण्याचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. टाकी दोन-तीन मिलिमीटर कलली तरी एका बाजूचे दात कोरडे पडतात आणि पृष्ठभागावरचा तवंग त्या बाजूला तसाच तरंगत राहतो. पुढे-मागे असलेला कल याहून वाईट. टाकी पुढच्या बाजूला झुकली तर स्टँडचे दरवाजे आपोआप उघडतात, पुढच्या पायांवर भार वाढतो, आणि घरात लहान मूल असेल तर ते लोंबकळते तेही पुढच्याच कडेला. लांबीत ३ मिमी आणि रुंदीत २ मिमी, एवढाच उतार आम्ही टाक्या बसवणारे चालवून घेतो, आणि रुंदीतला तो भिंतीच्या दिशेने असेल तरच.

पिळाला मात्र माफी नाही. तीन पाय टेकले आणि चौथ्याखाली फट राहिली, की भार मुख्यतः एका कर्णावरच्या दोन पायांवर जातो आणि स्टँडची वरची चौकट पिळते. काच पिळत नाही. तिला दाब भरपूर सोसतो, ताण फार थोडा. ५५ सेंटिमीटर पाण्याचा चार फुटी पुढच्या काचेवर येणारा जोर सुमारे १८० किलो असतो आणि तो आधीच सिलिकॉनच्या सांध्यांनी पेललेला असतो. त्यात खालची काच एका कोपऱ्यात अधांतरी राहिली की सांधा उकलायला लागतो, किंवा काचेच्या कापलेल्या कडेवरच्या एखाद्या बारीक खाचेत ताण साठतो. ओलाव्यात अशी खाच ताणाखाली हळूहळू वाढत जाते. म्हणून टाकी भरल्या दिवशी फुटत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी रात्री फुटते, आणि मग सगळे काच देणाऱ्याला धरतात. पीळ १ मिमीच्या आत हवा.

आता थर्माकोल. त्याची अखंड शीट सगळ्या तळाखाली घातली तर तिच्यावर येणारा भार ताकदीच्या मानाने अगदी किरकोळ असतो. वर सांगितलेल्या टाकीचा भार चौरस मीटरला पाऊण टनाच्या आसपास. साधा थर्माकोलही त्याच्या कित्येक पट सोसतो, त्यामुळे तो जवळजवळ दबतच नाही. बारा मिमीची शीट सगळीकडे बारा मिमीच राहते, म्हणजे खाली जो उतार तोच वर. आणि तुकडा एकाच कोपऱ्यात घातला तर तो आधी चेपतो, मग कडक होतो, आणि त्या कोपऱ्यापासून पुढे काचेच्या तळाला आधारच राहत नाही. चार फुटी काच दोन टोकांवर टेकलेली आणि मध्ये पोकळी, म्हणजे पातळी साधण्याच्या नादात पीळ आपणच तयार केला. कागदाच्या घड्यांचे तर बोलायलाच नको. पहिल्याच पाणीबदलात बादलीभर पाणी खाली सांडते आणि घडीचा लगदा होतो.

थर्माकोलचे किंवा ५-६ मिमीच्या फोम मॅटचे खरे काम वेगळे आहे. प्लायवर राहिलेला वाळूचा कण, स्क्रूचे डोके, वेल्डिंगचा दाणा एकाच बिंदूवर काचेला टोचू नये, म्हणून ती घालायची. अखंड, तळाच्या मापाची, जोड न देता. तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीला मात्र मॅट घालू नये. तिथे सगळा भार चौकटीवर असतो आणि तळकाच वर उचललेली असते. मधला फोम तिला खालून वर ढकलतो. आपल्याकडे कुर्ल्यापासून पुण्यापर्यंत ऑर्डर देऊन बनवलेल्या टाक्या बहुधा बिनचौकटीच्या असतात. तयार आयात केलेल्या टाक्या घेताना तेवढे वाकून पाहावे.

फरशी कुठली आहे, त्यावर पुढचे ठरते. जुन्या मोझॅकच्या फरशीला जागेवरच पॉलिश मारलेले असते, म्हणून सांध्यात खालीवर नसते, पण लांब लाटा असतात. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सना उलटा दोष. प्रत्येक टाइल सपाट, पण शेजारच्या दोन टाइल्सच्या कडा एकमेकींपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर वरखाली, ज्याला मिस्त्री लिपिंग म्हणतात. स्टँडचा पाय सांध्यावर आला तर तो एकाच कडेवर टेकतो. पाय सांध्यापासून तीन-चार इंच आत घ्यावा. टाइलवर नाण्याने टिचकी मारून पाहावी. बद्द आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. अशी टाइल भार आल्यावर तडकते आणि तो पाय एका क्षणात तीन-चार मिलिमीटर खाली बसतो. आवाज बद्द आला तर जागा बदलावी, नाहीतर ती टाइल काढून पुन्हा भरून बसवून घ्यावी. शहाबादी फरशी बाजूला ठेवा, ती सपाट नसतेच. तिथे प्रत्येक पायाखाली लोखंडी प्लेट घालण्याशिवाय गत्यंतर नाही.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ती घरोघर असते, आणि खिडकीखालची ती लांबट जागा टाकीसाठीच केली आहे असे वाटते. तिथे तीन अडचणी एकत्र येतात. बाल्कनीचा स्लॅब भिंतीबाहेर झुलता असतो आणि भार जितका टोकाला तितका त्याच्यावर ताण जास्त. तिची मूळ फरशी पाणी वाहून जावे म्हणून बाहेरच्या बाजूला उतार देऊन केलेली असते. शिवाय हॉल आणि बाल्कनी यांच्या सीमेवर, जिथे पूर्वी दाराची चौकट होती, दोन वेगवेगळ्या भरावांचा सांधा असतो. स्टँडचे मागचे पाय बाल्कनीच्या भरावावर आणि पुढचे हॉलच्या भरावावर आले, की आज साधलेली पातळी सहा महिन्यांनी राहीलच असे नाही. तिथे टाकी ठेवू नये, हे सरळ सांगतो. गिरगावातल्या चाळी आणि पुण्यातले वाडे यांच्या लाकडी पाटईवर दोनशे लिटरच्या वर जाऊ नये. त्याहून लहान टाकी असेल तर ती तुळयांना आडवी, भिंतीजवळ ठेवावी, म्हणजे दोन-तीन तुळयांवर भार वाटला जातो. चालताना पाण्यावर लाटा उठत असतील तर ती जागा सोडावी.

मोजायला मोबाइलचे ॲप घेऊ नका. पूर्ण अंशात आकडा दाखवणारे ॲप शून्य म्हणते तेव्हा खरा कल अर्ध्या अंशापर्यंत असू शकतो. चार फुटांत अर्धा अंश म्हणजे साडेदहा मिलिमीटर. शिवाय मोबाइलच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतोच. नऊ इंची पाणसळही इथे अपुरी. दोन फुटी तरी हवी, आणि ती एकदा ठेवून, मग त्याच जागी टोकांची अदलाबदल करून पुन्हा वाचायची. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूला त्याच रेषेवर थांबला तर पाणसळ खरी आणि फरशी कलती. फिरवल्यावर तो दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाणसळीत आहे.

याहून खरे आणि स्वस्त साधन गवंड्याकडे असते, लेव्हल पाइप. ८-१० मिमीची पारदर्शक नळी, पाच-सहा मीटर लांब. बादलीतून तोंडाने ओढून ती भरावी. आत एकही बुडबुडा राहू देऊ नये. एक जरी राहिला तरी वाचन चुकते. दोन्ही टोके उघडी ठेवून पाणी स्थिरावू द्यावे आणि पृष्ठभागाच्या खालच्या वाटीपाशी खूण वाचावी. अंगठा टोकावर राहिला तर पाणी खोटे बोलते.

स्टँडचे चारही पाय जिथे येणार तिथे फरशीवर मास्किंग टेपने खुणा करा. नळीचे एक टोक भिंतीला कुठेही पक्के चिकटवा, दुसरे टोक एकेका खुणेवर नेऊन पाण्याच्या पातळीपासून फरशीपर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. दरवेळी भिंतीवरच्या टोकात पाणी त्याच खुणेवर आहे ना, ते पाहा. समजा वाचन असे आले. मागचा डावा ८१२ मिमी, मागचा उजवा ८१५, पुढचा डावा ८१४, पुढचा उजवा ८१९. सगळ्यात लहान आकडा म्हणजे सगळ्यात उंच जागा. मागचा डावा पाय जसाच्या तसा राहील, बाकीच्यांना ३, २ आणि ७ मिमी पॅकिंग लागेल. आता यातला उतार किती आणि पीळ किती? फरशी नुसती कलती असती तर पुढच्या उजव्याचे वाचन ८१५ अधिक ८१४ वजा ८१२, म्हणजे ८१७ आले असते. आले ८१९. ते वरचे २ मिमी म्हणजे पीळ. टाकी फोडतात ते हे २ मिमी. बाकीचे ५ दिसायला वाईट, एवढेच. फरशीचा हा हिशोब न करता नुसती पाणसळ ठेवली तर लांबीचा आणि रुंदीचा बुडबुडा जमवताना हे दोन मिलिमीटर नजरेतून सुटतात.

पॅकिंग कशाचे? घट्ट आणि पाण्याने न फुगणाऱ्या वस्तूचे. १ मिमीचे सनमायकाचे तुकडे सुताराकडे फुकट पडलेले असतात आणि या कामाला त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. जाड थरासाठी फॅब्रिकेटरकडून ३ आणि ५ मिमीच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या कापून घ्याव्यात. वरच्या उदाहरणातले ७ मिमी म्हणजे एक ५ ची प्लेट आणि दोन सनमायका. सुट्या राहिल्या तर सरकतात, म्हणून पाय ठेवण्याआधी त्या अराल्डाइटने एकमेकींना जोडाव्यात. लाकडी पाचर नको, ओली झाली की फुगते आणि वाळली की ढिली पडते. रबर नको, वर्षभरात बसते. नाणी, कार्डबोर्ड, गादीची वळकटी असे सगळे प्रकार घरोघर सापडतात. १२ मिमीच्या वर पॅकिंग लागत असेल तर थर रचत बसू नये. स्टँडचा उंच जागेवर येणारा पाय तेवढा कापून घ्यावा किंवा पायांना एम १६ चे लेव्हलिंग बोल्ट आणि त्यावर लॉकनट बसवून घ्यावेत. लॉकनट नसेल तर बोल्ट हळूहळू फिरतो.

प्रत्येक पायाखाली प्लेट हवी, हे लोखंडी अँगलच्या स्टँडबाबत मुद्दाम सांगावे लागते. ४० × ४० × ५ मिमीचा अँगल फरशीला जेमतेम पावणेचारशे चौरस मिलिमीटरने टेकतो. पाचशे किलोच्या चौथ्या हिश्शाचा भार एवढ्याशा जागेवर. १०० × १०० मिमीची ६ मिमी जाड प्लेट पायाला वेल्ड केली तर तोच भार सव्वीस पट जास्त जागेवर पसरतो, टाइलही वाचते आणि पॅकिंगही सरकत नाही. स्टँड बनवतानाच या प्लेटा करून घ्याव्यात. नंतर कोणी करत नाही.

प्लायच्या कॅबिनेटला पाय नसतात, उभ्या फळ्यांच्या कडा थेट फरशीवर टेकतात. तिथे चार कोपऱ्यांत पॅकिंग देऊन थांबलात तर मधल्या उभ्या फळ्या लटकतात आणि वरची फळी वाकते. प्रत्येक उभ्या फळीखाली आणि लांब कडेखाली दर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर पॅकिंग हवे. प्लाय १८ मिमीचा, आयएस ७१० चा, म्हणजे दुकानात मरीन म्हणतात तो. पार्टिकल बोर्डचे तयार कॅबिनेट कितीही गुळगुळीत दिसले तरी खालची कड एकदा भिजली की फुगून त्या बाजूने टाकी उचलते. ते मोठ्या टाकीला नकोच.

स्टँड पॅकिंगवर उभा केला की फरशीचे आकडे विसरा आणि स्टँडच्या वरच्या पृष्ठभागाकडे वळा. खरी पातळी तीच. वेल्डिंगच्या आकसण्याने नव्या स्टँडची चौकटही पिळलेली असू शकते. चारही कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे चार ठोकळे ठेवून दोन कर्णांवर दोन घट्ट दोरे ताणा. मधोमध दोरे एकमेकांना नुसते शिवले पाहिजेत. वरचा दोरा खाली आणि खालचा वर असे बदलून पुन्हा पाहा, कारण एका बाजूने दोरा दोऱ्यावर अडकून खोटे समाधान देतो. मध्ये १ मिमी फट म्हणजे एक कोपरा २ मिमीने वेगळा. हा पीळ पायांच्या पॅकिंगने जात असेल तर ठीक. कडक चौकटीत तो जात नाही. मग फॅब्रिकेटरकडून सरळ करून घ्यावा. वेल्डिंगचे दाणे ग्राइंडरने घासून त्यावर १८ मिमीचा प्लाय स्क्रूने बसवावा आणि स्क्रूची डोकी पृष्ठभागाखाली उतरवावी. त्यावर मॅट, मॅटवर टाकी.

रिकाम्या स्टँडची शेवटची परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्टीने घ्यावी. प्रत्येक पायाखालून पट्टी ओढून पाहा. सहज सुटली तर तो पाय अधांतरी आहे. स्टँडला वरून हाताने जोर देऊन चारही कोपरे दाबून पाहा, खटकन हलता कामा नये. मागे स्कर्टिंग भिंतीपुढे दहा-बारा मिमी आलेले असते. स्टँडची मागची पट्टी त्यावर टेकून पातळी साधल्याचा भास होतो. म्हणून भिंतीपासून पाच सेंटिमीटर अंतर ठेवा, नळ्या मागून न्यायच्या असतील तर दहा.

भरताना घाई नको. आधी तीन इंच पाणी घाला आणि थांबा. टाकीच आता सगळ्यात अचूक पाणसळ आहे. चारही कोपऱ्यांत काचेच्या खालच्या कडेपासून पाण्यापर्यंत बाहेरून पट्टीने मोजा. वरच्या कडेपासून मोजू नका, काच कापताना उंचीत मिलिमीटरभर फरक पडतो आणि उगाच शोधाशोध होते. फरक मर्यादेत असेल तर निम्मी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. मग पूर्ण भरा, पुन्हा मोजा. लाकडी पाटईवर आणि भराव केलेल्या फरशीवर रिकाम्या आणि भरलेल्या टाकीच्या मापात फरक पडतो. तो टप्प्याटप्प्याने दिसला तरच सुधारता येतो. वाळू आणि दगड या परीक्षेनंतर. आधी घातले तर चूक सापडूनही ती दुरुस्त करण्याचा उत्साह राहत नाही.

ज्यांच्या घरी टाकी आधीच भरलेली आहे आणि आता पाण्याची रेषा तिरकी दिसते आहे, त्यांचे काय? काहीजण जॅक लावून स्टँडचा एक कोपरा उचलतात, काहीजण हातोड्याने पाचर ठोकतात. दोन्ही अगदी चूक. भरलेल्या टाकीचा एक कोपरा ३ मिमी उचलणे म्हणजे पाचशे किलोच्या भाराखाली काचेला ३ मिमी पीळ देणे. आधी मोजा. चारही कोपऱ्यांची मापे वरच्या हिशोबात घाला. पाण्याचा पृष्ठभाग आपण होऊन सपाट असतो, त्यामुळे काचेच्या तळातला पीळ तिथे आकड्यांत स्पष्ट दिसतो. नुसता उतार मर्यादेत असेल तर तसाच राहू द्या. पीळ १ मिमीच्या वर असेल, तळाखालच्या मॅटमध्ये एका कोपऱ्यात पोस्टकार्ड सहज जात असेल, किंवा सांध्यात सिलिकॉन पांढुरके पडून आत बुडबुडे दिसू लागले असतील, तर टाकी रिकामी करण्याशिवाय इलाज नाही.

रिकामी करताना निम्मे जुने पाणी स्वच्छ ड्रममध्ये काढून मासे त्यात हवेच्या पंपासह ठेवा. फिल्टरचे स्पंज आणि रिंग त्याच पाण्यात बुडवून ठेवा, नळाच्या पाण्याने धुऊ नका. दगड आणि वाळू बाहेर काढा, ओली वाळू तळाशी ठेवून टाकी उचलली तर तळकाच वाकते. ऐंशी किलोची काच चौघांनी तळाखाली हात घालून उचलावी. वरच्या काचपट्ट्या धरून टाकी उचलली तर सांधा तिथेच सुटतो. अर्धा दिवस लागतो, पण सांधा सुटलेली टाकी घेऊन बसण्यापेक्षा तो बरा.

एवढे केल्यावर स्टँडच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने चारही कोपऱ्यांची मापे आणि तारीख लिहून ठेवावी. पावसाळ्यात प्लाय आणि लाकूड ओलावा धरते, म्हणून ऑक्टोबरमध्ये एकदा पट्टी लावून ती मापे ताडून पाहावीत. लॉकनट पान्याने तपासावेत. चारही कोपरे सारखेच वर-खाली झाले असतील तर पाणी घटले किंवा वाढले आहे, एवढेच. एकट्या कोपऱ्यात १ मिमीपेक्षा जास्त फरक पडला असेल तर त्या पायाखालची टाइल पुन्हा वाजवून पाहावी.

आपला,
मोठ्या मत्स्यटाक्या बसवणारा एक कारागीर
पुणे